नेओफ्रोन नावाचे बाळ

२३ मे २००९, शनिवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. ग्रीसमधल्या दादियाच्या रानातल्या माळावर दोन दिवसांपूर्वी गिधाडांसाठी टाकलेल्या मेलेल्या खेचरावर एकवीस गिधाडे बसली होती. वीस काळी, अवाढव्य. एक पांढरे, पिवळ्या तोंडाचे. लाकडी आडोशात बसलेल्या अनेस्तिसने नाकाला रुमाल लावला होता, तरी दर्प घशापर्यंत उतरत होता.

"आलं बघ," शेजारी बसलेला त्याचा मित्र ख्रिसान्थोस कुजबुजला. "आफ्रिकेहून आलंय. बारा जोडप्यांपैकी चारच उरलीत."

त्या पांढऱ्या पक्ष्याने मांसाकडे पाहिलेही नाही. काळ्यांच्या पायांमधून वाट काढत ते खेचराच्या शेपटीमागे गेले आणि तिथली घाण चोचीने टिपू लागले. अनेस्तिसने मान फिरवली.

उद्या ख्रिसान्थोसच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा होता. अनेस्तिस धर्मपिता, गावच्या बोलीत 'कुंबारे', म्हणजे पाद्र्यासमोर बाळाचे नाव उच्चारणारा तोच. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवायचे हा गावाचा रिवाज. ख्रिसान्थोसचे वडील, म्हातारे थेओलोगोस, त्या दिवशी नीटनेटके दिसावे म्हणून आठवडाभर न्हाव्याकडे फेऱ्या मारत होते. पण ख्रिसान्थोसला हवे होते ते शास्त्रज्ञांनी या पांढऱ्या गिधाडाला दिलेले नाव.

"उद्या नीट म्हण हं, कुंबारे. नेओफ्रोन. पक्षी संपला तरी नाव गावात राहील."

"तो नेओफ्रोन कोण होता, ठाऊक आहे तुला?"

"जुन्या कथेतला कुणीतरी."

"ऐगिपिओस त्याचा मित्र. तो याच्या विधवा आईकडे जायचा. मग यानं सूड म्हणून मित्राच्या आईला नादी लावलं आणि एका अंधाऱ्या रात्री स्वतःच्या आईच्या जागी तिला झोपवून मित्राला आत पाठवलं. पोटच्या पोराला त्याच्याच आईकडे. देवानं त्या दोघा मित्रांची गिधाडं केली. दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच पंडितानं पांढऱ्याला याचं नाव दिलं आणि काळ्याला त्या मित्राचं. बघ, अजून एकाच ताटात जेवतायत."

ख्रिसान्थोसने पुन्हा माळाकडे पाहिले. "पक्ष्यानं काय केलंय त्यात?"

"पक्ष्याला शाळेत जायचं नाही. तुझ्या पोराला जायचंय."

"मग दुसरा पक्षी सांग. चिमण्या मारणारा तो छोटा बाज?"

"निसोस. ज्या केसात त्याचा जीव होता तो पोटच्या लेकीनं कापला आणि शत्रूच्या हाती दिला त्याला."

"मासे पकडणारी घार?"

"पांदिओन. त्याच्या लेकीनं स्वतःचा मुलगा शिजवून नवऱ्याला वाढला. तेही आपल्याच थ्रेसमध्ये."

"तुझी जीभच नासलीये, अनेस्ती." ख्रिसान्थोस हसला नाही. "अण्णांनी पढवलंय का तुला? त्यांचं नाव पुढे चालावं म्हणून?"

"अण्णा माझ्याशी यावर एक शब्द बोललेले नाहीत."

"मग उद्या मी सांगतो तेच म्हणायचं. मुलगा माझा आहे."

माळावर पांढऱ्या पक्ष्याने चोच वर केली. ती माखलेली होती. अनेस्तिस आडोशाबाहेर गेला. झुडपाशी वाकून तो ओकला.

रविवारी चर्चमध्ये धूप जळत होता, पण अनेस्तिसच्या नाकातून कालचा दर्प जात नव्हता. हातातल्या गुलाबी, दूध पिऊन सुस्तावलेल्या बाळाकडे त्याने पाहिले. हे नाव आयुष्यभर या अंगाला चिकटणार, आणि चिकटवणारे तोंड आपले असणार, हे त्याला सहन होईना.

"नाव?" पाद्र्याने विचारले.

ख्रिसान्थोस पुढे झुकून त्याच्या ओठांकडे पाहत होता.

"थेओलोगोस," अनेस्तिस म्हणाला.

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. बाळ पाण्यात बुडवले जात असतानाच ख्रिसान्थोस वळला आणि कुणाकडेही न पाहता दाराबाहेर गेला. त्याची जीप रानाच्या दिशेने गेल्याचे सगळ्यांनी ऐकले.

दुपारच्या जेवणाला चाळीस पाने मांडली होती. जेवले एकोणचाळीस.