त्रेसष्ट नावं आन् एक तारीख

मी एक जुना कॉम्प्युटर हाय, मित्रांनो. माज्यावर पैज लागली तवा मी एसटीच्या टपावरनं नुकताच उतरलो हुतो आन् तासगावात केरू हलगीवाल्याच्या वट्यावर वाकळंत गुंडाळून बसलो हुतो. साल अठ्ठ्यान्नव. शेजारचा टॅक्टरवाला बाळासो मला बगाय आला. माज्या टकुऱ्यावर टिचकी मारून म्हनला, "केरूतात्या, फसलासा. ह्या टीव्हीत बातम्या देनारी बाई न्हाई."

"टीव्ही न्हवं त्यो," केरूची लेक दीपमाला म्हनली. "ह्याच्यावर मी आपल्या जलशाची वेबसाइट करनार हाय. पुन्यात बसून बगा न्हाईतर दुबईत."

बाळासो हसून हसून खालीच बसला. "दुबईचं ऱ्हाऊ दे गं. ह्या डबड्यापायी भाईरगावचा एक जरी मानूस जलशाला आला, तर ह्येला डोक्यावर घिऊन भर बाजारात हलगीवर नाचतो. आन् न्हाई आला, तर ह्येचं पोट रिकामं करून आत माजी खुडूक कोंबडी बशीवनार."

"लागली पैज," दीपमाला म्हनली.

मला कुनी इचारलं न्हाई. पोट माजं, आन् पैज ह्यांची.

तसा मी साध्या घरचा न्हवं. साताऱ्याच्या एका कचेरीत पाच वर्सं पत्रं टाइप केली. दसऱ्याला मला हार असायचा. सायेब पावन्यांना घिऊन यायचा, म्हनायचा, हात लावू नगा. मला बी खोड हुती. पत्राची शेवटची वळ आली की मी गपकन बंद पडायचो. सायेब डोकं धरायचा, मला लय बरं वाटायचं. मंग नवा कॉम्प्युटर आला आन् मी जिन्याखाली झाडूच्या शेजारी गेलो. तीन वर्सं. कोळ्यानं माज्यात घर केलं. केरू त्या कचेरीतल्या कुनाच्या तरी लग्नात हलगी वाजवाय गेला, तितं त्येला मी दिसलो. पोरगी सांगलीला कॉम्प्युटर शिकून आलीया, म्हनून त्यो मला मागून घिऊन आला.

आता जलशाचं सांगतो, कारन सगळा घोर त्येचाच हुता. तीस वर्सांपूर्वी केरूनं हलगी आन् याकूबचाचानं सनई, असा दोघांनी मिळून त्यो चालू केला. भीमगीतं, भजन, कव्वाली, सगळं एकाच मांडवात. एके काळी बसाय जागा मिळत नसायची म्हनं. गेल्या साली ऐकनारी मानसं अकरा, आन् त्यातली चौघं मांडव सोडायला थांबलेली. कमिटीचे अध्यक्ष नानासो म्हनले, "चाचा, औंदा बी असंच झालं तर पुढच्या वर्सापासनं मैदान ऑर्केस्ट्राला." चाचा सनईवरनं फडकं फिरवत नुसतं म्हनला, "मंग औंदा वाजवनार ते शेवटचं." सत्तरीचा मानूस. त्येचा आवाज ऐकून माजा पंखा आत अडखळला.

दीपमालानं मंग जीव लावून वेबसाइटचं पान केलं. आपली अक्षरं दुसऱ्याच्या मशिनीवर किड्यामुंग्यागत दिसायची, म्हनून तिनं ती कागदावर झोकात लिवली आन् सांगलीच्या स्टुडिओतनं त्येचा फोटू करून माज्यात घातला. वर सनईचं चित्र, माथ्यावर इंग्रजीत सनई आन् तासगाव, खाली ठसठशीत तारीख. मंग जागा, सांगलीस्नं कवा एसटी, जेवाय कुनाच्या घरी. बास.

पान जमलंय का बगाय तिनं बापाला माज्याम्होरं बशीवलं. "आबा, जलसा कवा हाय ते हुडका."

केरूनं माऊस हातात घेतला आन् पडद्यावरचा बान वर जावा म्हनून हातच वर केला, पार टकुऱ्यापतोर. चाचा मागनं म्हनला, "केरू, आरं ती हलगी न्हवं." पन तारीख त्येला लगीच घावली. माऊस हवेतच हुता, नजर तारखंवर. दीपमाला हसली, म्हनली, "आबांना घावली म्हंजी सगळ्या जगाला घावंल." मित्रांनो, माज्या उभ्या जल्मात माज्यावर एवढं देखनं काम झालं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी नानासो पिशवी घिऊन आले. पिशवीत त्रेसष्ट फोटू.

"ह्ये काय?" दीपमाला म्हनली.

"मानाची मंडळी. निमंत्रक, स्वागताध्यक्ष, सल्लागार. ह्यास्नी वर घ्यायचं. पयला मी, फेट्यातला."

"आवं नानासो, फोनच्या तारंवरनं येतंय ह्ये. त्रेसष्ट फोटू उतराय अर्धा तास लागंल."

"लागू दे की. पत्रिकेत कसं असतंय? आधी नावं, मंग स्थळ आन् येळ. मागं एकाचं नाव ऱ्हायलं तर खालची आळी जलशाला फिरकली न्हाई, ठावं हाय न्हवं?"

त्ये बी खोटं न्हवतं. दीपमालानं चाचाकडं बगितलं. चाचा म्हनला, "घे पोरी. कुनाला दुखवू नगं."

तर मित्रांनो, माज्या पोटात त्रेसष्ट मानसं शिरली. फेटेवाली, गॉगलवाली, एक तर बैलासंगट. सनई खाली सरकली, आन् तारीख पार तळाला गेली, चिखलात चप्पल रुतून बसावी तशी. दीपमालानं फ्लॉप्या भरल्या आन् सांगलीला इंटरनेटच्या दुकानात जाऊन पान जगात सोडलं. बाळासो रोज इचारायचा, "आलं का गं दुबईचं कोन?" आन् जाता जाता माजी रुंदी टिचांनी मोजायचा. त्येची कोंबडी तर माज्यावर यीऊन बसाया बी लागली.

मे म्हयन्यात, नव्व्यान्नव साली, जलसा झाला. मानसं नऊ. भाईरचं कोन बी न्हाई. चाचानं सनई वाजवली, लांबवली न्हाई. आटपल्यावर ती फडक्यात गुंडाळली आन् फडक्याला गाठ मारली. केरूनं त्या गाठीकडं बगितलं आन् हलगी उलटी ठिवली.

सकाळी बाजार. मांडववाल्यानं मांडव सोडलेला. बाळासो पेचकस घिऊन दारात. "तात्या, वाईट वाटून घिऊ नगा. कोंबडीला बी घर पायजे." मला वट्यावर मांडलं, मागचा एक स्क्रू निघाला. दीपमाला दारात हुबी, तिनं तोंड फिरवलं. चाचा पायरीवर बसलेला, मांडीवर गाठ मारलेलं फडकं.

दुसरा स्क्रू अर्ध्यावर आला आन् खांद्याला पिशवी लावलेला एक मानूस धापा टाकत आला. "सनईचा जलसा हितंच हाय का वो?"

"हुता," बाळासो म्हनला. "काल."

त्यो मानूस मटकन बसला. नाव मानसिंग, पुन्यातल्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळनारा. त्येचा बाप लग्नात सनई वाजवायचा. बाप गेल्यापासनं ह्येनं सनई फकस्त कॅसेटवर ऐकलेली. "कॉलेजच्या मशिनीवर तुमचं पान घावलं," त्यो म्हनला. "रोज काम आटपल्यावर लावायचो. एकोनिसाव्या फोटूला लाइन तुटायची, त्या बैलवाल्याला. काल सांजंला पयल्यांदा तळाला पोचलो. तारीख बगितली तर त्याच दिवसाची. तसाच स्टँडवर पळालो."

बाळासो बोलला, "पावनं, तुमचं वाईट झालं. पन पैज माजीच. जलशाला मानूस आला न्हाई. मांडव सुटल्यावर आला."

चाचानं गाठीला दात लावले. गाठ घट्ट हुती. सुटली. "बाळासो, मांडववाला उठला म्हंजी जलसा उठला, आसं तुला कुनी सांगिटलं? जलसा माजा का त्येचा?"

आन् त्यो वाजवाय लागला. एका मानसासाठी. मानसिंग डोळं मिटून ऐकत हुता, त्येची बोटं गुडघ्यावर सनईवर फिरावी तशी हालत हुती. केरूनं हलगी सुलटी केली. बाजारला निघालेल्या बाया पाटी टेकवून थांबल्या. द्राक्षवाला थांबला, एसटी चुकवून दोघं थांबली. गल्ली भरली, पार कोपऱ्यापतोर. नानासो मागं टाचा वर करून बगत हुते. त्यांना कुनी वाट दिली न्हाई. सनई थांबली तवा त्यांनीच घसा खाकरला. "मैदान पुढच्या वर्सी चाचाचंच."

"आन् तारीख वर," दीपमाला म्हनली.

"वर. आन् मी?"

"तुमी चाचांच्या खाली."

मंग सगळ्यांनी बाळासोकडं बगितलं. त्येनं गपगुमान माजा स्क्रू परत आवळला, डोक्यावर चुंबळ ठिवली, मला उचललं.

मित्रांनो, आज मी अडगळीत हाय, मला कुनी चालू करत न्हाई. तुमच्या घरात माज्यासारखं कोन असंल तर त्येच्यावरची धूळ तेवढी पुसा. आन् कुनाला बलवायचं असंल तर कवा यायचं ते आधी सांगा, तुमचं नाव मंग. माजं एवढंच मागनं.

त्या दिवशी भर बाजारात बाळासो नाचला. माजी वायर त्येच्या पाठीवर शेपटीगत हालत हुती. मागनं पोरं, म्होरं केरूची हलगी, बाजूला मानसिंग टाळ्या वाजवत.

"तात्या, बास की," बाळासो कळवळून म्हनला. "मान ग्येली माजी."

"बास कसं?" केरू म्हनला आन् हलगी वर धरली. "नानासोच्या यादीतल्या एका एका नावाचा एक एक फेरा. मान राखाय पायजे. आता कुटं सातवं चाललंय, नाच."