वाटीतला दात

सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी निम्मीही गर्दी होत नसे. त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र सभागृहात माणसं पन्नासेक होती, मांजरं चौदा, कुत्री नऊ आणि एक कासव. कासवाला ओलं खाणं चालतं की नाही, याची त्याच्या मालकिणीलाच खात्री नव्हती. पण राहून जायला नको म्हणून आणलं होतं. पुढे टेबलावर दोन डबे. एक साधा. दुसरा निळा, वर पारदर्शक झाकण, कडेला घड्याळ. आणि त्यामागे साक्षात वाटीबाबा.

"काळ या वाटीपाशी येतो," वाटीबाबा म्हणाले, "आणि चपला काढून बाहेरच उभा राहतो. आत यायची त्याला परवानगी नाही."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपापली मांजरं छातीशी धरली.

डबा आपोआप उघडतो, यात काही नवल नव्हतं. तसे डबे दुकानात मिळतात. वेळ लावली की झाकण सरकतं आणि मांजर जेवतं. नवल पुढेच होतं. बाबांनी विकायला काढलेल्या डब्यातला ओला खाऊ दोन दिवस, चार दिवस, श्रद्धा पुरेल तितके दिवस ताजा राहतो म्हणे. बर्फ नको, वीज नको. बुडाला बाबांनी सिद्ध केलेली तांब्याची चकती, बस्स.

"आणि कुजला तर?" मागून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुजणं हा खाण्याचा गुण नाही, ताई. तो मालकाच्या संशयाचा वास आहे."

"संशयाला वास असतो, हे कॉलेजात शिकवलं नाही आम्हाला."

"त्या दिवशी गैरहजर असाल."

सभागृह हसलं. सगळ्यात जोरात सेक्रेटरी हसले, आणि हसताना तोंडावर हात धरला. वरची कवळी अजून तयार व्हायची होती.

ती कवळी करणारे कवळीकाका तिसऱ्या रांगेत बसले होते. अख्ख्या वस्तीला दात पुरवणारा हा माणूस, आणि त्यांच्या स्वतःच्या बोक्याच्या तोंडात औषधाला दात नव्हता. म्हणून त्याचं नाव बोळका. बोळका फक्त ओलं खायचा. गेल्या महिन्यात काका दिवसभर बाहेर अडकले, सकाळी ठेवलेलं बोळक्याने दुपारी खाल्लं आणि तीन दिवस सलाईनवर काढले. आता सोमवारी काकांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं. दोन दिवस जाणं भाग होतं. घरात दुसरं माणूस नव्हतं. आठवडाभर काकांना झोप नव्हती. बाबांचा एकेक शब्द ते तहानलेल्यासारखे पीत होते.

"कुणी तरी निर्मळ मनाचा माणूस या पुढे," बाबा म्हणाले, "आपल्या हाताने खाऊ भरा."

काका कामावरून तसेच आले होते, बाह्यांना मेण लागलेलं. त्यांनी बोळक्याचा माशाचा खाऊ आधी साध्या डब्यात, मग निळ्या डब्यातल्या वाटीत भरला, अंगठ्याने दाबून सारखा केला. झाकणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांवर सतरा जणांनी सह्या केल्या. पहिली सेक्रेटरींची, पल्लेदार. मग दोन्ही डबे ऑफिसच्या खोलीत ठेवले. रविवारी संध्याकाळी सर्वांदेखत उघडायचे, निळ्यातला खाऊ बोळक्याने खायचा. तोवर खोलीत बाबांचा शिष्य बसणार होता. ऊर्जा राखायला.

काका घरी येऊन कामाला बसले. सेक्रेटरींच्या कवळीचे पुढचे सहा दात मेणात लावायचे होते. समोर पाचच होते.

त्यांनी टेबल पाहिलं, खण उपसले, बोळक्याला उचलून त्याच्याखाली पाहिलं. बोळक्याने हा अपमान गिळला. मग काकांचं लक्ष आपल्या डाव्या बाहीकडे गेलं. शिंपी बाहीला सुई टोचून ठेवतो, तसा पुढचा लावायचा दात मेणाच्या ठिपक्याने बाहीला चिकटवायची त्यांची तीस वर्षांची खोड होती. ठिपका जागेवर होता. दात नव्हता.

खाऊ भरताना डाव्या हाताने निळ्या डब्यातली वाटी धरून ठेवली होती.

शनिवारी सकाळी ते ऑफिसच्या दाराशी.

"दोन मिनिटं उघडता का? माझा एक जिन्नस आत पडलाय."

"उघडलं की ऊर्जा सांडते," शिष्य दारातूनच म्हणाला.

"मी पुसून घेईन."

दार लागलं. काका जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. दुपारी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"बोळका चावत नाही हो, नुसता गिळतो. दात पोटात गेला तर?"

"अडकू शकतो. त्याच्यापुढे वाटी ठेवण्याआधी चमच्याने सगळं उकरून दात काढा." बाई थोडं थांबल्या. "खरंच त्याच वाटीत पडलाय?"

"दुसरीकडे कुठे असणार?"

"मग उद्या तो तुम्हाला सापडला, तर बाबांचा पहिला डबा मी विकत घेते."

काकांना वाटलं, बाईंची भक्ती जागी झाली. त्यांना तेवढंच बरं वाटलं, आणि रात्रभर पुन्हा डोळ्याला डोळा नाही.

रविवारी साधा डबा उघडला आणि पहिल्या तीन रांगा मागे सरकल्या. मग निळा. पट्ट्या शाबूत, सतराच्या सतरा सह्या जागच्या जागी. झाकण सरकलं आणि माशाचा ताजा, ओलसर वास आला. चौदा मांजरांनी एकदम माना वर केल्या. कुणी तरी हात जोडले.

"आणा बोळकेमहाराजांना," बाबा म्हणाले.

"एक मिनिट," काका चमचा घेऊन पुढे झाले. "आत एक दात आहे."

त्यांनी खाऊ उकरला. उलटा केला. शेवटी ताटलीत पसरून बोटाने चाचपला. दात नव्हता. घाम पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकांना दात हवा होता, आणि चमत्कारही हवा होता. दोन्ही एकाच वाटीत असायला हवे होते.

"शक्तीत विरघळला असेल," बाबा शांतपणे म्हणाले.

हे बोलले नसते तर बाबा कदाचित निभावून गेले असते. पण काकांच्या धंद्याला हात लागला.

"माझा दात विरघळत नाही, बाबा. उकळत्या पाण्यातून काढतो मी तो. लोक त्याने वीस वर्षं सुपारी फोडतात."

"कुणाचा दात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तुमचाच. वरचा डावा, सुळ्याशेजारचा."

सेक्रेटरी पंधरा दिवस पातळ खाऊन होते. ते सावकाश उठले.

"माझा दात? बाबा, माझा दात कुठे आहे?"

एव्हाना काकांनी डबा उचलून उलटा धरला होता. आयुष्यभर बारीक आटे आणि सांधे पाहिलेली ती नजर चकतीच्या कडेवर थांबली. तांबं मळकट होतं, कड मात्र वापराने चकाकत होती. त्यांनी चकती पिळली. बरणीचं झाकण निघावं तसं बूड हातात आलं, आणि वाटी अलगद बाहेर आली. वर सतरा सह्यांचा पहारा होता, खाली दारच नव्हतं.

ऑफिसच्या खोलीत शिष्याच्या खाटेखाली काळी पिशवी सापडली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले. पिशवीत नुकताच फोडलेला माशाचा रिकामा डबा होता, आणि शुक्रवारचा खाऊ, साध्या डब्यातल्याइतकाच कुजलेला. त्याच्या मधोमध पांढरा स्वच्छ दात.

"ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती," बाबा दाराकडे सरकत म्हणाले.

"मग बसा ना," सेक्रेटरी म्हणाले. "निकाल ऐकून जा. पोलीस येतीलच."

काका मात्र खुर्चीत बसून राहिले. हातात दात, मांडीवर बोळका. "उद्याचं काय करू, बाई?"

बाई त्यांच्याशी बोलल्या, पण ऐकलं सगळ्यांनी. "काका, ओलं खाणं बाहेर ठेवलं की दोन-चार तासांत बिघडायला लागतं. उकाड्यात त्याहून लवकर. खाली बर्फाची पिशवी बसणारा डबा असतो; त्याने एखादं जेवण अर्धा दिवस निभतं. घेताना उलटा करून बघा, वाटी धुता येते का बघा, घरी असताना एकदा चालवून वास घ्या. दोन दिवस ओलं ताजं ठेवतो म्हणणाऱ्याला विचारा, कसं? उत्तरात तुमचाच दोष निघाला, तर उठून या. आणि दोन दिवसांसाठी माणूस शोधा."

पहिली सही ज्यांची होती, ते सेक्रेटरी पुढे आले.

"किल्ली द्या माझ्याकडे. तुम्ही येईपर्यंत माझी कवळी काही होत नाही."

काका सोमवारी पहाटे गेले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. बुधवारी सकाळी परतले, तर दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात सेक्रेटरी आणि बोळका समोरासमोर बसले होते. एकापुढे नुकताच फोडलेला माशाचा खाऊ, दुसऱ्यापुढे चहात भिजवलेला पाव. दोघेही न चावता, मन लावून जेवत होते.