हलकी रायफल आणि दोन खांदे

मी रायफल बोलतेय. दचकू नका, मी बहरीनमधल्या रिफा गावातल्या एका व्हिलात लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे आणि गोळ्या दुसऱ्या कपाटात. माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

मराठी मी शिवदासकडून उचलली. शिवदास सावंतवाडीकडचा, माझे बहरिनी मालक लतीफबाबा यांचा ड्रायव्हर. बाबांच्या देखत मला पुसायला बसला की सुरू व्हायचा, "काय गो बाय, जेवतंस की नाय? अगदीच काडी गो तू!" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

काडीच आहे मी. कार्बनचा दस्ता, बारीक नळी. रानबोकडासारखं मोठं जनावर लांबून पाडायची ताकद, पण वजन नावाला. दुकानात असताना मला त्याचा केवढा तोरा होता!

बहरीनमध्ये कुठले डोंगर आणि कुठले रानबोकड! त्यासाठी लतीफबाबा दरवर्षी परवाना काढून किर्गिझस्तानला जात. शिवदास बरोबर हवाच. रायफल वाहायची त्याने, नेम धरायचा बाबांनी, अशी त्यांची रीत. आधीची रायफल लाकडी दस्त्याची, चांगली जड. ती वाहून शिवदासचा खांदा आखडला होता. गाडी वळवताना तो दात आवळायचा, पण तोंडातून चकार शब्द नाही.

त्याला वाटायचं, बाबांना कळत नाही.

बाबांनी ती जड रायफल विकली आणि शिवदासला घेऊन मनामा शहरातल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात आले. दुकानदार इलियास सरळ माणूस. तो म्हणाला, "दिवसभर चढायचं असेल तर हलकी घ्या. पण गोळी तीच आणि वजन कमी, म्हणजे ही खांद्याला लाथ मारणार. आधी एक गोळी झाडून बघा."

झाडणं राहिलं बाजूला. बाबांनी मला शिवदासच्या खांद्यावर अडकवलं आणि म्हणाले, "यल्ला, चल, चालून दाखव." शिवदास दुकानभर फिरला. त्याने दात आवळले नाहीत. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. "खलास, ठरलं, हीच," ते म्हणाले.

इलियास चक्रावला. "रायफल तुमची आणि चालून हा बघणार?"

"माझे गुडघे गेलेत. मला हलकीच पाहिजे," बाबा म्हणाले. धादांत खोटं! डोंगरात त्यांनी रायफल कधी चार पावलंसुद्धा वाहिली नव्हती. शिवदासला मात्र ते खरं वाटलं.

मग सरावाच्या मैदानावर माझी पहिली गोळी सुटली. मी काय करणार? माझ्या अंगात तो धक्का जिरवायला वजनच नाही. सगळा बाबांच्या म्हाताऱ्या खांद्यात गेला. त्यांनी डोळे मिटले, ओठ चावला आणि म्हणाले, "फार छान!" दर शुक्रवारी हेच. पुढे पुढे तर चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे मिटायला लागले. नेम कुठला लागतोय!

पकडले गेले ते गाडीतल्या सीटच्या पट्ट्यामुळे. बाबा नेहमी पुढे, शिवदासच्या शेजारी बसत. बहरीनमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे शेजारच्या सीटचा पट्टा बरोबर उजव्या खांद्यावरून येतो. एका शुक्रवारी मैदानावरून निघताना त्यांनी तो हाताने लांब धरून ठेवला. शिवदासने गाडी बाजूला घेतली.

"बाबा, खांदा दाखवा."

"काही नाही झालेलं. चल."

"दाखवा म्हणतो ना!"

"अरे देवा, सगळा काळानिळा पडलाय!" मी मागच्या डिकीत, पण आवाज सगळे ऐकू येत होते. मग शिवदास म्हणाला, "म्हणजे ही हलकी माझ्यासाठी घेतलीत."

"वजन तुला, धक्का मला. इतकी वर्षं तुझा खांदा दुखला, आता माझा दुखू दे."

"मी यंदा येत नाही."

"तू नाहीस तर मी कुणाबरोबर जाऊ?"

"म्हणूनच तर येत नाही, बाबा. हाड मोडलं या वयात तर जुळणार नाही."

बाबा चिडले. यायचं नसेल तर कायमचा गावी जा, म्हणाले. त्याची बायको रत्नाबाई कधीपासून बोलावत होतीच. तो दर वेळी तिला सांगायचा, एवढी शिकार होऊ दे. व्हिसा संपत आला होता. बाबांनी तो वाढवला नाही आणि शिवदासने मागितलाही नाही. जाताना मला तेल लावलं. "येतंय गो," म्हणाला. मराठीत जाणाऱ्याने 'येतो'च म्हणायचं असतं, हेही मी त्याच्याकडूनच शिकले.

मी डोंगर पाहिलाच नाही. माझ्या नळीतून कागदाच्या निशाण्यांशिवाय कशावरही गोळी गेली नाही. खरं सांगू? त्याचं दुःख कधीच सरलं. मला तो खांदा हवा होता, दिवसभर चढणारा, वाटेत बडबडणारा.

नवा ड्रायव्हर आलाय. बाबा आता मागच्या सीटवर बसतात.

शुक्रवारी मात्र ते मला बाहेर काढतात, स्वतःच्या खांद्यावर अडकवतात आणि हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. गुडघे खरंच गेलेत आता. परवा चालता चालताच त्यांनी सावंतवाडीला फोन लावला.

"बाबा, ती विकून टाका," पलीकडून शिवदास म्हणाला. "हलकी आहे, कुणीही घेईल."

"हलकी कसली?" बाबा म्हणाले. "मला एकट्याला उचलत नाही."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. शिवदास, अरे, काहीतरी बोल ना. त्यांनी मला आत ठेवून कुलूप लावायच्या आधी बोल.