सलग जागा

वरूडला जानरावांच्या पॅकिंग शेडमधले संत्र्यांचे ग्रेडिंग मशीन रोज दुपारीच बंद पडे, आणि दुपारी ते सुभद्राबाई चालवीत. या दोन विधानांवरून मशीन बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने तिसरे काढले: दोष सुभद्राबाईंचा. तर्कशास्त्राची इतकी स्वस्त आवृत्ती कंपनीची इंजिनिअर गीतांजली हिच्या वाचनात आजवर आली नव्हती. कंपनीने तिला अमरावतीहून धाडले होते ते दुरुस्तीसाठी नव्हे. बाईंना मशीनवरून हटवा, एवढे मालकाला सांगण्यासाठी.

तिने आधी मशीनच्या संगणकातल्या नोंदी वाचल्या. फळांचे फोटो काढणारा कॅमेरा आणि संगणकाचा कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारा मुख्य कारभारी, यांच्यामधला दुभाषी असतो ड्रायव्हर. तो प्रत्येक नव्या लॉटला मेमरीचा एक मोठा सलग तुकडा मागत असे आणि लॉट संपला की परत करी. सकाळी तो मिळे. दुपारपर्यंत इतर प्रोग्रॅम जागोजागी ठाण मांडत आणि कर्नल नकार देई. मेमरी मात्र निम्म्याहून अधिक मोकळीच असे.

"जागा हाय, त मंग देत कावून नाई?" जानरावांनी विचारले.

"भाऊ, एसटीत वीस सीटा खाली हायेत, पन इथं एक, तिथं एक. तुमी म्हनता, आमी पाचही जन शेजारीच बसू. कंडक्टर काय म्हनन?"

"मागच्या गाडीनं या म्हनन."

"थेच म्हनून राहिला कर्नल."

जानराव हसले, पटले मात्र नाही. सकाळची पाळी त्यांचा पुतण्या बंडू करी. बाई बटनं जोरानं दाबतात, हे निदान मुळात त्याचे. कंपनीने त्याला इंग्रजी पोशाख चढवून शास्त्र केले होते. गीतांजलीने दुसऱ्या दिवशी पाळ्या बदलायला लावल्या. सुभद्राबाईंची सकाळ सुरळीत गेली. दुपारी मशीन बंडूच्या हाताखाली ठप्प झाले.

"तुये बोटं त नाजूक हायेत ना रे बाप्पा?" सुभद्राबाई म्हणाल्या.

गीतांजलीने ड्रायव्हरचा तेवढा भाग नव्याने लिहिला. आता मशीन सुरू होतानाच, सगळी मेमरी मोकळी असताना, तो आपला तुकडा घेई आणि मशीन बंद होईपर्यंत सोडत नसे.

"म्हंजे डेपोतच खिडकीतून रुमाल टाकला," जानराव म्हणाले. या वेळी त्यांना पटले होते.

पुढच्या दुपारी सुभद्राबाई मशीनवर उभ्या होत्या आणि संत्री न थांबता वाहत होती, तेव्हा पुण्याहून तिचे वरिष्ठ शेखर सर यांचा फोन आला. गीतांजलीने स्पीकर लावला.

"मालकांना ऑपरेटरचं सांगितलंस?"

"मालक इथेच ऐकताहेत, सर. चूक आपल्या ड्रायव्हरची होती. मी दुरुस्त केली."

"कोडला हात लावायला कोणी सांगितलं? हाच ड्रायव्हर आपण सगळीकडे दिलाय. उद्या जो तो आपल्याकडे बोट दाखवेल."

"दाखवू दे. आजवर आपण दाखवत होतो."

"उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जानराव ताडपत्रीची घडी घालत घुटमळले. "अकोल्याले माह्या साडूकडं हेच मशीन हाय. थ्यानं याच पायी दोन बाया काढल्या."

गीतांजलीने लॅपटॉप पिशवीत घातला. "लावा त्यायले फोन. म्हना, मॅडम उद्या येऊन राहिली. आन् त्या बायांले बोलावून ठेवा."