मास्तरांचा खिळा

बायकांचं माप घेताना आमचे मास्तर भिंतीकडे बघतात. भिंतीवर एक खिळा आहे. कुणी, कशासाठी ठोकला, देव जाणे. त्यावर कधी काही टांगलेलं मी तरी पाहिलं नाही. समोर बाई उभी राहिली की मास्तर त्या खिळ्यावर नजर रोवतात, फीत दोन बोटांच्या चिमटीत धरतात, नखसुद्धा अंगाला लागू देत नाहीत आणि आकडा मोठ्यानं सांगतात. पडद्याआड मशीनवर बसून मी तो लिहून घेते. मग त्यांचा प्रश्न येतो, "लिहिलंस?" मी "लिहिलं" म्हटल्याशिवाय फीत पुढे सरकत नाही. ही रीत त्यांना त्यांच्या मामांनी शिकवली. मामा म्हणायचे, बायकांचे कपडे शिवायचे तर डोळे भिंतीला चिकटवून ठेवायचे, नाहीतर दुकानाला कुलूप लागलंच म्हणून समज.

मास्तर म्हणजे माझा नवरा. मीही त्यांना मास्तरच म्हणते, कारण या दुकानात मी पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. नोकरीची मुलाखत होती आणि आई मला कोट शिवायला घेऊन आली होती. आई बाकावर बसली, मी उभी राहिले, मास्तरांनी फीत माझ्या खांद्याला लावली आणि खिळ्याकडे बघायचंच विसरले. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला आहे. लहानपणी झाडावरून पडले होते. ते कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, जन्मदात्या आईच्याही नाही. मास्तर बघत राहिले आणि म्हणाले, "हा खांदा उतरलाय थोडा. पण छान दिसतो." आकडा सांगायचा राहूनच गेला. आई ताडकन उठली. म्हणाली, "चल, आपण दुसरं दुकान बघू." बघितलं की! कोट दुसऱ्या दुकानात शिवला आणि लग्न या दुकानात केलं.

लग्नानंतर मास्तरांना एक खोड लागली. शटर अर्धं खाली ओढलं की गळ्यातली फीत काढायचे आणि म्हणायचे, "तुझं माप घ्यायचं राहिलंय." कसलं राहिलंय! ना कापड असायचं, ना कपडा. फीत कमरेभोवती यायची, मग फीत खाली पडायची आणि हात तिथेच राहायचे. आकडा कुणी लिहीत नव्हतं. मी म्हणायचे, "अहो मास्तर, गिऱ्हाईक पळून जाईल हं अशानं." ते म्हणायचे, "हे गिऱ्हाईक पळत नाही." खरंच होतं ते. मी कुठे पळाले?

पुढे काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. भांडण नाही, दारू नाही, मारहाण नाही. मुलगी झाली, तिचं आजारपण झालं, शाळा झाली, सासूबाईंचं अंथरुणावर पडून राहणं झालं, माझं पोटाचं ऑपरेशन झालं. या सगळ्यात फीत कधी यायची थांबली ते मला सांगता येणार नाही. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता घर पुन्हा आपल्या दोघांचं. छे! एका बिऱ्हाडात दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहायला लागलो. ते पुढे कापड बेततात, मी मागे शिवते, मध्ये पडदा. घरी गेलं की मध्ये टीव्ही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. एकदा अत्तर आणलं. मास्तर तीनदा शिंकले आणि खिडकी उघडून आले. एकदा तोंडानंच विचारलं, "मास्तर, मी दिसते का हो तुम्हाला?" तर म्हणाले, "का? चष्मा आत्ताच तर बदललाय." आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं! मला फार काही नको होतं. या माणसानं एकदा, एकदाच, पूर्वीसारखं माझ्याकडे बघावं, एवढंच हवं होतं. पन्नाशीच्या बाईला असं काही हवं असतं हे बोलायचं नसतं म्हणे. जळो मेलं ते न बोलणं.

आणि अशात एके दिवशी अस्तराचे तागे खाली काढताना फळीच्या मागे मला गाठोडं सापडलं. जुन्या चादरीत बांधलेलं गडद हिरवं लोकरीचं कापड, कोटासाठी बेतलेलं. आमच्याकडे प्रत्येक बेतलेल्या कापडाला गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचलेली असते. याला नव्हती. वरचा एक तुकडा मी उलगडला आणि कमरेजवळ वीत लावून बघितली. बाई गं! एवढीशी कंबर! कापड असं की हातातून सोडवेना. आमच्या दुकानात इतकं भारी कापड कुणी आणत नाही, म्हणजे ते मास्तरांनी स्वतः आणलेलं. तेवढ्यात त्यांची चाहूल लागली आणि मी गाठोडं होतं तसं सारून ठेवलं.

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. इतकी वर्षं शिवतेय, गिऱ्हाइकांचे चेहरे विसरेन पण मापं नाही. फळीपुढे उभं राहून एकेक बाई नजरेसमोर आणली. शाळेतली बाई? ती आडव्या बांध्याची. बँकेतली? तिची कंबर कुठे सुरू होते तेच कळत नाही. त्या कमरेची एकच होती: समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टरीण. तिशीची, शिडशिडीत, आणि मला 'काकू' म्हणणारी.

एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की त्याला खायला कमी पडत नाही. मास्तर हल्ली सकाळी माझ्याआधीच दुकानात जायचे. गुणगुणायचे. मिशीला कात्री लावायचे. मी विचारलं, "एवढ्या लवकर कशाला जाता?" तर म्हणाले, "काम तुंबलंय." कुठलं काम? सगळं काम तर माझ्या मशीनखालून जातं! डॉक्टरीण पँटचं माप द्यायला आली तेव्हा मी पडदा बोटभर सारून बघत बसले. मास्तर नेहमीसारखे खिळ्याकडे बघत होते. दुसरी एखादी म्हणाली असती, बघा, बिचारा किती सरळ आहे. मी म्हटलं, बघा लबाडाचं सोंग! रात्री जेवणात मीठ टाकायला विसरले आणि मास्तर मुकाट जेवले. तेही मला त्यांच्या अपराधाचाच पुरावा वाटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीण पँट न्यायला आली. मास्तर घडी घालत होते. ती हसून म्हणाली, "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे." झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, फळीमागचं गाठोडं ओढून काढलं. कोट आता कच्च्या टाक्यांनी जोडून उभा राहिला होता, पांढरे टाके सगळीकडे दिसत होते. मी पडदा सारून बाहेर आले आणि कोट तिच्यापुढे धरला. म्हटलं, "डॉक्टरबाई, पँटबरोबर हाही घेऊन जा. लपवून ठेवलाय बिचाऱ्यांनी. घाला, घाला, लाजू नका."

मास्तरांचा हात लागून टेबलावरचा खडू खाली पडला. डॉक्टरीण गोंधळून हसली आणि मी धरलाच आहे म्हणून तिनं हात घातले. कमरेला बरा बसला. पण उजव्या खांद्यावर कापड ताणलं, पुढची बाजू वर उचलली गेली आणि गळा तिरका झाला. डाव्या खांद्यावर काही दोष नव्हता. एवढं बेतायला चुकेल असा हात नाही मास्तरांचा. ज्या बाईचा उजवा खांदा उतरलेला आहे तिच्यासाठी हा कोट बेतला होता.

"काकू, हा माझा नाही हो," डॉक्टरीण म्हणाली. "मला लोकर टोचते."

मास्तर हळूच म्हणाले, "अगं, तुझा आहे तो. त्या वेळी शिवायचा राहिला ना."

डॉक्टरीण आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "अय्या! गुपचूप शिवत होते तुमच्यासाठी? काकू, किती नशीबवान आहात तुम्ही! आमच्याकडे तर वाढदिवसाचीही आठवण करून द्यावी लागते." तिनं कोट काढून माझ्या हातात दिला, पँट घेतली आणि हसत निघून गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी माझी गत. लाजेनं वर बघवेना. पण खोटं कशाला बोलू, लाजेच्या खाली आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझा कोट! या माणसानं खांदा लक्षात ठेवला! त्या क्षणी मी तिथेच रडले असते, हसले असते, शटर खाली ओढलं असतं. मी म्हटलं, "मास्तर, घालून दाखवू?" आणि कोटात हात घातले.

हात कोपरापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. मास्तर पुढे आले आणि दोन्ही बाजू धरून ओढायला लागले. बाजू माझ्या पोटावर येऊन थांबल्या, त्यांच्यामध्ये आणखी एक बाई मावली असती. त्यांनी आणखी ओढलं, तसे पाठीवरचे कच्चे टाके तटातटा तुटले.

"असं कसं?" मास्तर कोटाकडे बघत म्हणाले. "माप तर तुझंच आहे."

"कधीचं?"

"कधीचं म्हणजे? तुझं माप मला पाठ आहे. लिहून ठेवावं लागत नाही."

अभिमानानं म्हणाले ते. आणि प्रेमानंच म्हणाले, मी नाकारत नाही. म्हणून तर सहन होईना.

म्हणजे ती होती तर. ज्या बाईसाठी ते सकाळी लवकर उठत होते, मिशी कापत होते, गुणगुणत होते, ती ही. झाडावरून पडलेली, कोवळी, वीतभर कमरेची. डॉक्टरीण असती तर मी चार शब्द सुनावले असते, रस्त्यावर तमाशा केला असता, तिच्या आईला जाऊन सांगितलं असतं. हिला कुठे गाठू? ही तर मुलगी झाली तेव्हाच गेली. मास्तरांना ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी बघितलं नाही. एकाच पलंगावर झोपतो आम्ही. माझं पोट, माझे दंड, माझी ऑपरेशनची खूण, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मास्तरांच्या मात्र आता दुसरंच ध्यानात आलं. "आणि तुला वाटलं, मी त्या पोरीसाठी?" त्यांनी विचारलं. "आयुष्यभर त्या खिळ्याकडे बघत आलो. कुणासाठी गं?"

त्यांना लागलं होतं आणि ते माझ्यामुळे लागलं होतं. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी. "चुकले," म्हटलं. मनापासून म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. माझ्या हातांत अडकलेला कोट काढून घेऊन त्यांनी शिवण चाचपली. "आत कापड सोडलंय. बाजू उसवल्या की होईल."

"उसवू नका," मी म्हणाले. "नवीन माप घ्या."

"आत्ता?"

"आत्ताच. मी उभी राहते."

मी जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. त्या जागेवर उभी राहिले, आई बाकावर बसली होती तेव्हा उभी होते तिथेच. काळीज नुसतं धडधडत होतं. या वयात, सांगायलाही लाज वाटते. मास्तरांनी खडू उचलून टेबलावर ठेवला आणि गळ्यातली फीत काढली. माझ्याजवळ आले. त्यांच्या श्वासाला चहाचा वास होता. फीत माझ्या कमरेभोवती आली आणि मी डोळे मिटले. हात येतील म्हणून वाट बघितली.

हात आले नाहीत. फीत चिमटीत धरलेली होती, एक नखही मला लागत नव्हतं. मी डोळे उघडले. मास्तर भिंतीकडे बघत होते. रागानं बघत असते तर मी समजून घेतलं असतं, त्यांचा राग मला ओळखू येतो. तो राग नव्हता. बँकेतल्या बाईचं माप घेताना बघतात, तसंच शांतपणे ते खिळ्याकडे बघत होते. त्यांनी मोठ्यानं आकडा सांगितला आणि फीत तशीच धरून थांबले.

मी टेबलावरचा खडू उचलला आणि तो आकडा तिथल्याच एका चिंधीवर लिहिला.

"लिहिलंस?" मास्तरांनी विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले, आणि फीत पुढे सरकली.