उसन्या पाण्याची विहीर

मित्रांनो, मी कळसाडीच्या शिवारातली एक जुनी विहीर आहे. हसू नका, माझ्या मालकाच्या, बन्सीलालच्या आजोबांनी मला खोदलं, तेव्हा पाणी लागल्याच्या आनंदात गावभर गूळ वाटला होता. मोट गेली, मोटर आली. मी कापूस जगवला, ऊस जगवला. मग आजूबाजूला बोअर झाले आणि माझं पाणी खाली खाली गेलं. तरी दर उन्हाळ्यात सरकारी माणूस टेप सोडून माझं पाणी मोजायचा. मी निरीक्षण विहीर होते, समजलात काय!

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. बन्सीलालची बायको बेबीबाई ती माझ्याच पाण्याने भरायची. एका वर्षी मी आटले. ती माझ्या काठाशी बसून रडू लागली. "हिरमा पाणी नही शे वं माय! पितरस्ले काय देऊ?"

"रडू नको," बन्सीलाल म्हणाला, "मी टँकर बलावस."

त्याने टँकर माझ्यात रिकामा केला आणि तिने घागर शेंदली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच दिवशी टेपवाला आला आणि टँकरचं पाणी माझं म्हणून लिहून गेला. पुढे दर आखाजीला हेच होत राहिलं.

त्यांची लेक दीपमाला पुण्यात भूजलाचा अभ्यास करते. उपग्रहाचे, पावसाचे, विहिरींचे आकडे आता सगळ्यांना खुले आहेत. ते सगळे जोडून तिने नकाशा केला. त्यावरूनच पाणी जिरवायचे बंधारे कुठे बांधायचे ते ठरणार होतं. उपग्रह म्हणत होता, कळसाडीचं पाणी संपत आलंय. माझा आकडा म्हणत होता, आहे की! तिने मलाच खरं मानलं. घरची विहीर खोटं कशी बोलेल? बंधारे दुसऱ्या गावांना गेले.

पुढच्या आखाजीला ती घरी आली आणि तिने टँकर पाहिला.

"आबा, हाई काय करी ऱ्हायनात?"

"तुन्ही मायनी घागर कोरडी ऱ्हाई जाती ना, बेटा."

माझ्या आकड्यातलं पाणी कुठलं ते दीपमालाला कळलं. "आबा, आपलाच गावना बंधारा मी गमाडा!"

तिने नकाशा दुरुस्त केला, पण गेलेले बंधारे काही परत येईनात.

मित्रांनो, या घराने माझ्यावर माया केली, ते उपकार फिटायचे नाहीत. पण आटलेल्या विहिरीला आटली म्हणू द्या. माझा आकडा एकटा नसतो हो. मी खोटं बोलले की बाकीच्यांची खरी साक्षही वाया जाते.

यंदा टँकर माझ्याकडे आला नाही. टेप तळाच्या दगडांवर आपटली आणि माझ्या नावापुढे 'कोरडी' लागलं. बेबीबाईने नळाच्या पाण्याने घागरी भरल्या. सासऱ्यांच्या नावाची ठेवली, सासूच्या नावाची ठेवली. मग आणखी एक भरली, कमरेवर घेऊन उन्हात शेतापर्यंत आली आणि माझ्या काठावर ठेवून तिने हात जोडले.

"हाई तुन्हा नावनी शे, माय," ती मला म्हणाली.