ओ न देणारा माणूस

हाक मारली तरी ओ द्यायची नाही, ही तात्यांची जुनी खोड. काकू स्वयंपाकघरातून "अहो, अहो" करून दमायच्या आणि हे पेपरात डोकं खुपसून ढिम्म. ऐकू यायचं सगळं. पण एकदा ओ दिली की उठावं लागतं, हे त्यांना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची हौसही त्यांचीच. हौसेने एक रात्र कडक जमिनीवर काढली आणि सकाळी उजव्या गुडघ्याने साफ असहकार पुकारला. काकूंना हसू आवरेना. "बसा आता चहा टाकत. मी त्या पुढच्या बाकापर्यंत पाय मोकळे करून येते," म्हणाल्या आणि काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटेला लागल्या.

चहा उकळून आटला, आणि तळ्यावरून धुकं असं आलं की समोरचा नळही दिसेना. तात्यांनी फोन लावला. तो तंबूतच, उशीखाली वाजला. तिथल्या रखवालदाराने कालच बजावलं होतं, बाकाच्या पुढे जाऊ नका, तिथे काठ ढासळून वाट पाण्यात गेलीय. आता तोच बॅटरी घेऊन निघाला. "तुम्ही हलू नका काका, मी आणतो त्यांना."

नुसतं बसवेना. तात्यांनी पातेलं उचललं आणि पळीने बडवायला सुरुवात केली. "अगं, इकडे! इकडे ये!"

"आले, आले!" लांबून उत्तर आलं. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

पुन्हा बडवलं. पुन्हा "आले!" पण आवाज बारीक झाला होता. पुढच्या खेपेला आणखी बारीक. तात्यांनी पळी एकदाच वाजवली आणि कान दिला. टण्ण. मग बाकाच्या पलीकडच्या उंच कड्यावर आपटून तीच टण्ण परत आली, तितकीच खणखणीत.

ती इकडे येतच नव्हती. तिला कड्यावरचाच आवाज ऐकू येत होता, आणि ते स्वतःच तिला त्या ढासळलेल्या काठाकडे बोलावत होते.

"थांब! आहेस तिथेच थांब!"

धुक्यातून शब्द कुठले पोचायला, नुसता आवाज पोचला. "आले हो, आले!" अजून लांबून.

तात्यांनी पळी खाली ठेवली. आपण गप्प बसलो तर ती गोंधळेल, थांबेल. थांबली तर रखवालदार तिला गाठेल. करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

"अहो?"

तात्या गप्प.

"अहो, वाजवायचं का थांबलात? कुठे आहात?" सूर घरातलाच होता, चिडका. मग तो चिडकेपणाही गेला. "अहो, मला काही दिसत नाहीये. मला भीती वाटतेय."

ही बाई घाबरलेली त्यांनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. ते उठायला गेले. गुडघ्याने दगा दिला आणि तिथेच पातेल्याशेजारी बसकण मारली. रखवालदाराचा काही मागमूस नव्हता.

"अहो, ओ द्या ना हो! एकदाच!"

ओ अगदी ओठांशी आली. तात्यांनी गळ्यातल्या मफलरचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.